जनावर कोणाचे, फाटक कोणाचे? : अमेरिकेतल्या शिकारीच्या टॅगचा वाद

मित्रहो, मालमत्ता या संकल्पनेविषयी बोलायचे म्हटले की आम्ही तत्त्वज्ञानाची मंडळी घर, शेत, पैसा अशी उदाहरणे घेतो. आज जरा आडवाटेचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या पश्चिमेकडे माँटाना, वायोमिंग, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, युटा ही राज्ये आहेत. तिथे गेली कित्येक वर्षे एक भांडण चालू आहे. ते शिकारी आणि प्राणिमित्र यांच्यातले नाही. एका बाजूला सामान्य शिकारी आहेत आणि दुसऱ्या बाजूला मोठमोठ्या जमिनींचे मालक. त्यांच्यातले पुष्कळजण स्वतःही शिकार करतात! वाद आहे एका चिठ्ठीवरून. तिला तिथे ‘टॅग’ म्हणतात.

टॅग म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ. एल्क नावाचे एक थोराड हरिण तिथल्या डोंगरांत असते. आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. नराचे वजन तीनशे किलोपर्यंत सहज जाते. कोणत्या भागात, कोणत्या हंगामात किती एल्क मारायचे हे राज्याचे वन्यजीव खाते ठरवते आणि तेवढेच टॅग काढते. जनावर पडले की टॅग त्याला लावायचा. त्याशिवाय ते जागेवरून हलवायचे नाही. एका टॅगवर एकच जनावर. जिथे मागणी जास्त आणि टॅग कमी, तिथे सोडत निघते. आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशीच. अर्ज भरायचा, थोडे शुल्क भरायचे आणि नशिबावर हवाला ठेवून बसायचे. न्यू मेक्सिकोत तर निव्वळ सोडत असते. गेली दहा वर्षे तुमचा नंबर लागला नाही म्हणून यंदा तुमचे पारडे जड, असला प्रकार तिथे नाही.

आता भांडण कुठे आहे? यांतले काही टॅग सोडतीत न टाकता थेट जमीनमालकांच्या हाती दिले जातात आणि काही राज्यांत मालक ते विकू शकतात. गावच्या माणसाला सोडतीत जो परवाना शंभर डॉलरच्या आत पडतो, तोच मालकाकडून घ्यायचा तर काही हजार डॉलर मोजावे लागतात. शिकारी म्हणतात, हे चालणार नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, सर, प्राणी मारणाऱ्यांच्या भाऊबंदकीशी आम्हाला काय देणेघेणे? शंका रास्त आहे. शिकार करावी की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि आपल्या देशाने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचे उत्तर जवळजवळ देऊन टाकले आहे. आजचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. जी वस्तू कोणी निर्माण केली नाही, जी आज माझ्या शेतात आणि उद्या तुमच्या शेतात असते, तिच्यावर हक्क कोणाचा? पाण्याबाबत, माशांबाबत आपण हाच प्रश्न विचारतो. एल्कबाबत तो अधिक स्वच्छ दिसतो, एवढेच.

या प्रश्नाचा पहिला व्यवस्थित विचार रोमन कायद्यात सापडतो. रोमन विधिज्ञांच्या मते रानातले जनावर कोणाच्याच मालकीचे नसते. जो पकडेल त्याचे. ते स्वतःच्या जमिनीवर पकडले की परक्याच्या, याने मालकी बदलत नाही. मात्र जमिनीचा मालक परक्या माणसाला आत येण्यापासून रोखू शकतो. बघा, किती बारकाईने त्यांनी दोन गोष्टी सोडवून ठेवल्या आहेत! फाटक मालकाचे. फाटकाआडचे जनावर मालकाचे नाही. आजचे आमचे सगळे विवेचन या दोन वाक्यांवर उभे आहे, म्हणून ती ध्यानात ठेवा.

पुढे जॉन लॉकने सशाचे उदाहरण घेतले. माणूस ज्यात आपले श्रम मिसळतो ते त्याचे होते, हा त्याचा सिद्धान्त तुम्हाला ठाऊक आहेच. त्या हिशेबाने, जो सशाचा पाठलाग करतो आहे त्याचाच तो ससा, कारण श्रम त्याचे. गंमत म्हणजे १८०५ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात नेमका असा खटला आला, पियर्सन विरुद्ध पोस्ट. पोस्ट कुत्री घेऊन एका कोल्ह्यामागे लागला होता. पियर्सनने मध्येच येऊन कोल्हा मारला आणि घेऊन गेला. न्यायालयाने कौल दिला पियर्सनला. नुसत्या पाठलागाने मालकी येत नाही, जनावर ताब्यात यावे लागते. लॉक असता तर पोस्टच्या बाजूने उभा राहिला असता, असे आम्हाला वाटते. अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा कोल्हा अजूनही पहिल्या वर्षीच भेटतो. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की लॉक असो, पियर्सन असो वा पोस्ट, जमीन ज्याची त्याचे जनावर असे कोणीच म्हणत नव्हते.

असे म्हटले गेले ते इंग्लंडात. तिथे नॉर्मन राजांनी अफाट रान राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवले, हे जुने झाले. आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे १६७१ चा शिकार कायदा. त्याने ससा, तितर वगैरे मारण्याचा अधिकार ज्याला स्वतःच्या जमिनीचे वर्षाला शंभर पौंड उत्पन्न आहे अशालाच ठेवला (काही मानकऱ्यांचे अपवाद सोडून देऊ). त्या काळी परगण्यातून संसदेच्या निवडणुकीत मत द्यायला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड उत्पन्न पुरत असे. म्हणजे तितर मारायला मत देण्याच्या पन्नासपट जमीनदार असावे लागे! ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडितानेही या पन्नासपटीवर बोट ठेवले होते. लहान शेतकऱ्याने आपल्याच शेतातला ससा मारला तरी तो चोर ठरायचा. ही मिळकतीची अट गेली ती थेट १८३१ साली.

अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांच्या मनात या कायद्याची चीड होती. तिथे कोणीही शिकार करू शकत होता, आणि त्याचे फळही त्यांनी भोगले. बाजारासाठी बेसुमार शिकार झाली. कोट्यवधींनी असलेले बायसन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही शेकड्यांवर आले. आकाश झाकून टाकणारी प्रवासी कबुतरे संपली. शेवटची मादी मार्था १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. एल्कही एक लाखाच्या खाली गेले होते.

मग उपाय निघाला, आणि तो विचार करण्यासारखा आहे. वन्य प्राणी कोणाच्याही खाजगी मालकीचे नाहीत. ते सर्व जनतेचे आहेत आणि राज्य त्यांचे विश्वस्त आहे, असे तत्त्व न्यायालयांनी पुढे आणले. त्याचे मूळ १८४२ च्या एका खटल्यात आहे. न्यू जर्सीतल्या कालवांवरून तो लढला गेला. कालवं, बरं का! खाडीतली शिंपली. १८९६ च्या गीअर विरुद्ध कनेटिकट या निकालाने ते शिकारीच्या पाखरांना लागू केले. राज्य हे प्राण्यांचे खरोखरच मालक आहे ही त्यातली भाषा सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मागे घेतली, पण राज्यांनी विश्वस्ताची भूमिका सोडलेली नाही. दुसरीकडे बाजार बंद केला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांमधला व्यापार रोखला, आणि रानातल्या हरणाचे मांस विकणे हळूहळू सगळीकडेच बेकायदा झाले. १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के केंद्रीय कर आहे, तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. म्हणजे शिकाऱ्याने परवान्यातून आणि करातून पैसा भरायचा, खात्याने कळप वाढवायचे. आज उत्तर अमेरिकेत एल्क दहा लाखांच्या आसपास आहेत. शिकारी जेव्हा ‘आमचे एल्क’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात हा शंभर वर्षांचा जमाखर्च असतो.

आता जमीनमालकाकडे वळू. त्याची बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. उन्हाळ्यात एल्क वर डोंगरात, सरकारी जंगलात असतात. थंडी पडली, बर्फ साचले की ते खाली दरीत उतरतात. आणि दरीतली चांगली, ओलिताची जमीन कोणाची? खाजगी मालकांची. दोनशे-तीनशे एल्कचा कळप एका रात्रीत गुरांसाठी रचून ठेवलेल्या गवताच्या गंजींचा फडशा पाडतो, तारेची कुंपणे मोडतो. मालक म्हणतो, जनावर जनतेचे, मग जेवायला माझ्या घरी का? विदर्भातला शेतकरी रानडुक्कर आणि नीलगायीबद्दल अगदी याच शब्दांत विचारतो. तिथल्या मालकाचे पुढचे म्हणणे असे, की मला यातून काही मिळाले तर मी ही जमीन एल्कला लायक ठेवीन. नाहीतर तुकडे पाडून बंगल्यांना विकीन. ही धमकी म्हणा की व्यवहार, ती पोकळ नाही.

शिवाय त्याच्या बाजूने आफ्रिकेचा दाखला दिला जातो. नामिबियात १९६७ पासून आणि झिंबाब्वेत १९७५ च्या कायद्यानंतर जमीनधारकांना आपल्या जमिनीवरच्या वन्य प्राण्यांचा उपयोग करण्याचे, त्यातून कमावण्याचे अधिकार मिळाले. अनेकांनी गुरे कमी करून हरणे पाळली आणि खाजगी जमिनींवर वन्य प्राणी वाढले. हे खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे पुष्कळ ठिकाणी उंच कुंपणे घालून प्राणी आत ठेवले जातात. जे आत कोंडले ते रानातले राहिले का, हा प्रश्न आमच्यासारख्या माणसाला पडतोच. माँटानाच्या मतदारांनाही तो पडला होता. त्यांनी २००० साली सार्वमताने बंदिस्त शिकार-फार्मांचे नवे परवाने बंद केले आणि असलेल्या फार्मांवर पैसे घेऊन शिकार करू देण्यावरही बंदी घातली.

तर मग या राज्यांनी केले काय? प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. युटामध्ये पाच-दहा हजार एकरांच्या खाजगी जमिनी एका योजनेत येतात, आणि नर एल्कच्या टॅगांतला मोठा वाटा, कित्येकदा नव्वद टक्के, मालकांकडे जातो, उरलेले सोडतीला. कोलोरॅडोत मर्यादित परवान्यांचा ठरावीक हिस्सा जमीनमालकांसाठी राखीव असतो, आणि त्यांना मिळालेली अधिकारपत्रे ते दुसऱ्याला देऊ शकतात. वायोमिंगची रीत वेगळी. तिथे किमान १६० एकर जमीन हवी, जनावरांचा तिथे खरोखर वावर हवा; मग मालकाला सोडतीविना परवाना मिळतो. पण तो त्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच वापरायचा, विकायचा नाही.

सर्वांत वादग्रस्त आहे न्यू मेक्सिकोची पद्धत. तिथे मालकाला राज्याकडून अधिकारपत्र मिळते. ते तो हवे त्याला, हव्या त्या भावाने विकतो, आणि घेणारा त्यावर परवाना काढतो. अधिकारपत्रे दोन तऱ्हेची. एक फक्त त्या मालकाच्या जमिनीपुरते. दुसरे संपूर्ण विभागाचे. या दुसऱ्यात मालकाने आपली जमीन सर्व परवानाधारक एल्क-शिकाऱ्यांना खुली करायची, आणि त्याच्या टॅगवर शिकार करणाऱ्याला विभागातल्या सरकारी जंगलातही फिरता येते. वरवर पाहता देवाणघेवाण बरोबरीची वाटते. पण जरा विचार करा. मालकाची जमीन असेल थोडी आणि त्याच्या सभोवार लाखो एकर सरकारी जंगल असेल, तर त्या टॅगाची किंमत येते कशामुळे? जंगलामुळे. म्हणजे जनतेच्या जमिनीवर जनतेचे जनावर मारण्याची संधी खाजगी माणूस विकतो आहे. तिथल्या शिकारी संघटनांचा राग आहे तो इथे.

आम्हाला या वादात निर्णायक वाटणारा मुद्दा हा आहे. मांसाचा बाजार शंभर वर्षांपूर्वी बंद केला, कारण बाजाराने प्राणी संपवले. टॅगाच्या विक्रीने प्राणी संपणार नाहीत, संख्या खाते ठरवतेच. मग बिघडले काय? बिघडले ते वेगळ्या अंगाने. सोडतीचा गुण असा की तिथे मेकॅनिक, शाळामास्तर आणि कोट्यधीश यांची चिठ्ठी एकाच डब्यात पडते. वस्तू थोडी आणि हक्कदार सगळे सारखे, अशा वेळी नशिबाइतका निःपक्षपाती न्यायाधीश दुसरा नाही. उद्या म्हाडाने सांगितले की यातली काही घरे आम्ही शेजारच्या प्लॉटवाल्याला दिली आहेत, हवी तर त्याच्याकडून त्याच्या भावाने घ्या, तर आपण काय म्हणू? शेजारच्या प्लॉटवाल्याला बांधकामाच्या धुळीचा त्रास झाला असेल. त्याला भरपाई द्या ना! पण घर देण्याचा अधिकार त्याला कशासाठी?

रोमन विधिज्ञांनी ज्या दोन गोष्टी सोडवून ठेवल्या होत्या त्या टॅगच्या विक्रीत पुन्हा गुंततात. फाटक उघडायचे की नाही हा मालकाचा अधिकार होताच. टॅगही त्याच्याच हाती गेला की फाटकाआडच्या जनावराचा वाटाही त्याचा झाला. मग १६७१ ची शंभर पौंडांची अट नाव बदलून परत येते. अट कायद्यात लिहिलेली नसते, भावात असते. म्हणूनच वायोमिंगची रीत आम्हाला अधिक न्याय्य वाटते. ज्याचे गवत एल्कने खाल्ले त्याच्या घरात एक एल्क यावे, यात कृतज्ञता आहे, आणि त्याला कोणी शिकारी फारशी हरकत घेत नाही. तो परवाना विकता यावा असे प्रस्ताव वायोमिंगमध्येही येत असतात. तेव्हा मात्र शिकारी उठून उभे राहतात. एका छोट्या शब्दावर, ‘हस्तांतरणीय’ या शब्दावर, सगळे अडून आहे.

शिकाऱ्यांच्या भूमिकेतही एक भेग आहे, ती दाखवायला हवी. बहुतेक राज्ये दरवर्षी काही मोजके टॅग स्वतःच लिलावात काढतात. २०१३ मध्ये माँटानातल्या डोंगरी मेंढ्याच्या एका टॅगला ४,८०,००० डॉलर मिळाले. श्रीमंताने रांग मोडली, पण पैसा मेंढ्यांच्या संवर्धनाला गेला, म्हणून शिकारी संघटना ते सहन करतात. कित्येकदा लिलाव त्याच भरवतात. म्हणजे विक्रीच वाईट असे त्यांना म्हणता येत नाही. विक्री विश्वस्ताने केली आणि पैसा निधीत आला तर चालते, आणि शेजाऱ्याने केली तर नाही, असे फार तर म्हणता येईल. आम्हाला विचाराल तर तो लिलावही आम्हाला खटकतो. मायकेल सँडेल यांनी ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या पुस्तकात कॅनडातल्या इन्युइट लोकांच्या वॉलरसच्या कोट्याची चर्चा केली आहे. जो कोटा त्यांना परंपरेने जगता यावे म्हणून दिला, त्यातली शिकार बाहेरच्या हौशी लोकांना विकली जाते, तेव्हा कोट्याचा अर्थच बदलतो, असा त्यांचा रोख आहे. ज्या कारणासाठी हक्क दिला ते कारण विक्रीबरोबर जात नाही. एल्कने मोडलेले कुंपण मालकाचे. टॅग विकत घेणाऱ्या डॅलसच्या वकिलाचे कुंपण कुठे मोडले आहे?

मालकांचे नुकसान भरून काढायचे इतर मार्ग आहेत, आणि ते नुसते कागदावरचे नाहीत. माँटानात राज्य जमीनमालकांना पैसे देते आणि बदल्यात ते सामान्य शिकाऱ्यांना आत येऊ देतात. २०१० मध्ये तिथल्या मतदारांनी सार्वमताने व्यावसायिक वाटाड्यांच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले परवाने रद्द केले, बाहेरच्या शिकाऱ्यांचे शुल्क वाढवले आणि त्या वाढीव पैशातला भाग या खुल्या प्रवेशाच्या योजनेकडे वळवला. यात आणखी एक व्यावहारिक पेच सुटतो. हरणे शहाणी असतात. ज्या रँचवर बंदूक वाजत नाही तिथे ती जाऊन बसतात. मग तिथे संख्या फुगते, मालक म्हणतो फार झाली, आणि शिकारी म्हणतो, मग फाटक उघड की! २०२२ मध्ये माँटानातल्या जमीनमालकांच्या एका संघटनेने एल्कची संख्या ठरल्यापेक्षा जास्त आहे म्हणून राज्याच्या वन्यजीव खात्यावर दावा लावला, तेव्हा शिकारी संघटनांनी त्यात पक्षकार होण्यासाठी धाव घेतली, ती याच कारणाने.

फाटकाचा विषय निघालाच आहे तर शिडीची गोष्ट सांगून थांबू. एकोणिसाव्या शतकात रेल्वेला प्रोत्साहन म्हणून सरकारने रुळांच्या दोन्ही अंगांना एकआड एक चौकोन जमीन दिली. एकेक चौकोन एक मैल लांब, एक मैल रुंद, ६४० एकरांचा. त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. काळे घर खाजगी, पांढरे सरकारी. पांढऱ्या घरातून तिरक्या पांढऱ्या घरात जायचे तर फक्त कोपरा ओलांडावा लागतो. २०२१ मध्ये मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगमध्ये तसे केले. कोपऱ्यावर शिडी ठेवली, खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडे उतरले. मालकाचे म्हणणे, जमिनीवरची हवाही माझी. फौजदारी खटल्यात ज्यूरीने २०२२ मध्ये चौघांना सोडले. मालकाने लावलेल्या दिवाणी दाव्यात दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, तो १८८५ च्या एका कायद्याच्या आधारे. सरकारी जमिनीला बेकायदा कुंपण घालून ती अडवायची नाही, असे तो कायदा सांगतो. म्हणजे टॅग हाती असूनही जनतेच्या जंगलाची वाट अडवण्याचा अधिकार मालकाला नाही. वायोमिंग, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि युटा ही राज्ये त्या न्यायालयाच्या कक्षेत येतात. माँटाना नवव्या सर्किटमध्ये आहे, तिथे हा निकाल बंधनकारक नाही. माँटानाच्या राज्यघटनेत २००४ पासून शिकारीची संधी हा नागरिकांचा वारसा म्हणून जपण्याचे कलम आहे, आणि त्याच कलमात या वारशाने परक्याच्या जमिनीत शिरण्याचा हक्क मिळत नाही असेही लिहून ठेवले आहे. ज्यांनी ते लिहिले त्यांनी जस्टिनियन वाचला होता की नाही कोण जाणे. कोपऱ्यावरच्या शिडीचे काय करायचे, ते मात्र त्यात लिहिलेले नाही.